दोन दारांवरची एकच पाटी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या अभ्यासिकेचे विश्वस्त माननीय विष्णुपंत, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती कमळाकरराव, त्यांच्यासोबत प्रथमच या मंचावर आलेल्या कुंदावहिनी, आणि पुस्तकं मिटून खाली सभागृहात आलेले आमचे विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

मी वृंदा, अंबरनाथच्या या अभ्यासिकेची चिटणीस. सत्तावीस वर्षांनी कमळाकरराव व्यवस्थापकपदावरून निवृत्त होत आहेत. त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल, सुरेख अक्षराबद्दल आधीचे वक्ते बोलले. मला संडासाबद्दल बोलायचं आहे. हसा, जरूर हसा. मंचावरून हा शब्द उच्चारायला मलाही साठी ओलांडावी लागली.

तीन वर्षांपूर्वी बुवापाड्याहून सोनिया नावाची मुलगी इथे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला येऊ लागली. सोनिया तृतीयपंथी आहे. हे मी तिच्या परवानगीने सांगते. "नाव घेऊनच बोला मॅडम," असं तिनेच कळवलंय. सकाळी आठला यायची, संध्याकाळी सातला जायची. मधे मात्र दोनदा, भर उन्हात, चालत घरी जाऊन परत यायची.

कमळाकररावांनी एकदा विचारलं, "रोज डबा विसरतेस का गं?"

"नाही सर. बाथरूमला जाते."

"अगं, इथे आहे की!"

"कुठल्या दारात जाऊ, सर?"

तिने दोन्ही दारं करून पाहिली होती. पुरुषांच्या बाजूला पोरं बाहेरून दार वाजवायची. एकाने तर पार्टिशनवरून मोबाइल धरला. महिलांच्या बाजूला गेली, तर दोघींची लेखी तक्रार आली. मग दारावर सूचना लागली, 'हे स्वच्छतागृह फक्त महिलांसाठी आहे. इतरांनी वापरू नये.' ही सूचना मी लिहिली होती. इतर म्हणजे कोण, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं.

पुढे परीक्षा जवळ आली. घरी जाण्यातला वेळ वाचावा म्हणून सोनियाने पाणी पिणंच सोडलं. एप्रिलमध्ये एका दुपारी ती खुर्चीवरून कोसळली. अंगात ताप होता. कमळाकरराव तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. लघवी धरून धरून संसर्ग किडनीपर्यंत पोहोचलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी कमळाकररावांचा अर्ज समितीपुढे आला. दोन्ही पाट्या काढाव्यात, कोणीही कुठलंही दार वापरावं. अध्यक्षमहोदय, ती सभा आठवते ना? आपण म्हणालात, "कमळाकर, ही अभ्यासिका आहे, प्रयोगशाळा नव्हे."

"साहेब, आपल्या घरी पाहुणे आले, तर ते कुठली पाटी शोधतात?"

"घरची गोष्ट वेगळी. इथे परक्या पोरी येतात. उद्या काही झालं तर?"

तो प्रश्न काही वेडगळ नव्हता. म्हणून कमळाकररावांनी तक्रार करणाऱ्या दोघींपैकी प्राचीला सभेत बोलावलं. तोवर आम्ही एकाही मुलीला काही विचारलं नव्हतं. प्राची म्हणाली, "सर, खरं सांगू? माझ्या आधी आत कोण गेलं होतं, त्याचं टेन्शन नाही मला. कडी लागत नाही, दाराखाली वीतभर फट आहे, त्याचं आहे. मी एक पाय दाराला लावून बसते."

मी पंधरा वर्षं तिथे दाराला पर्स टेकवून बसत होते. त्याबद्दल सूचना लिहावी, असं मला कधी सुचलं नाही.

मे महिन्यात काम झालं. पार्टिशनं छतापर्यंत गेली, दारं जमिनीला भिडली, आतून जाड कड्या बसल्या. हात धुवायचं बेसिन बाहेर, सगळ्यांना दिसेल असं. दोन्ही दारांवर आता फक्त 'स्वच्छतागृह'. पहिला महिनाभर कमळाकरराव दर दोन तासांनी स्वतः पुसून घ्यायचे. "ओल्या सीटवरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरूनच होत नाहीत," असं त्यांचं मत.

सगळं गोड झालं, असं मात्र नाही. तीन मुलींनी नाव काढून घेतलं. त्यातली एक परत आली. एका वडिलांनी दोन पानी संतप्त पत्र लिहिलं. कमळाकररावांनी त्यांना बोलावून घेतलं. गृहस्थ आत गेले, कडी लावली, दार दोनतीनदा ओढून पाहिलं, बाहेर आले आणि निघून गेले. त्यांची मुलगी आजही येते.

त्याच सुमारास मी कमळाकररावांकडे गेले. म्हटलं, ती सूचना लिहायला नको होती. ते म्हणाले, "मला काय सांगता? ती वर बसलीये." मी वर गेले. सोनियाने हातातलं पेन खाली न ठेवता ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, आता तुम्ही कुठल्या दारात जाता?"

"जे रिकामं असेल त्या."

"मग झालं ना," ती म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात शिरली.

पहिल्या खेपेला ती नापास झाली. दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण झाली. आज उल्हासनगरच्या एका कार्यालयात लिपिक आहे. तिथेही दोनच दारं आहेत. गेल्या आठवड्यात तिचा कमळाकररावांना फोन आला, "सर, आमच्या साहेबांशी बोलायला याल?" हे म्हणाले, "सोमवारी येतो. दारांची मापं घेऊन ठेव."

कुंदावहिनी, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, सोमवारचं यांनी घरी सांगितलेलं नाही. ते माझ्या तोंडून फुटलं, त्याबद्दल आणि सभेला न शोभणारं जे काही बोलले असेन त्याबद्दल मला सांभाळून घ्या. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे.