चमकी नोको, मॅट पाहिजे

हॅलो?... हॅलो, दिव्या? हव, मीच, दामिनी... फोटो पोचला का?... पोचला ना! मंग बोल लवकर. घेऊ का नोको?... अवं मोठ्यानं बोल, गोंदियाच्या बाजारात उभी आहो मी, दुकानाच्या दारातच ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला...

हव, तोच डब्बा. बारा रंगांचा... पॅलेट म्हनते त्याले, माहीत आहे मले. दुकानवाले भैयाजी डब्बा म्हनून राहिले म्हनून मीबी डब्बा... नाई, चमकी नाई त्यात. एकबी रंग चमकत नाई. मॅट आहे, मॅट!

काय?... गोठ्याची भिंत?... हासू नोको वं! तपकिरी आहे तो. त्याच्या बाजूचा विटकरी. आन खालचा तो जांभळा, फोटोत काळा दिसून राहिला...

किंमत? किंमत नोको विचारू... नाई सांगत... अवं, तू मायले सांगशील आन माय म्हनंल एवढ्यात बकरी आली असती... हव, बकरी दूध देते, बरोबर आहे तुयं. पन बकरी डोळ्याले लावता येते का?

आता आयक ना... आयक... कोनासाठी म्हंजे? मायासाठी? मी कवा लावलं असं! ह्यायच्यासाठी वं. तुया जीजाजीसाठी... हव, गजेंद्रसाठीच! नाव घ्यायले लावलं ना भर बाजारात!... मंडई आली ना आमची, कामठ्याची. दिवाळी झाली का मंडईची जत्रा, आन मंडई म्हनली का दंडारीचा नाच-गान्याचा खेळ. दंडारीत बाईचं काम हेच तं करतात. लुगडं नेसून, लांब वेणी घालून... अवं, तुले सारं माहीत आहे, मंग नव्यानं आयकल्यासारखं काऊन करून राहिली?

बरं, गेल्या साली काय झालं ते तं सांगतलं होतं ना?... नाई सांगतलं? अवं बापा! चमकीवाला रंग लावला होता. आमची दंडार दुपारची राहते ना, रात्री नाटक राहते. तं भर उन्हात नाचले हे. सीन असा का नवरा सोडून गेला आन बाई रडून राहिली... आन ते सारी चमकी घामासंग गालावर, गालावरून हनुवटीवर... रडणं राहिलं बाजूला, लोकं पोट धरून हासले. पुढं बसलेली एक म्हातारी तं पदर घेऊन पुसायले उठली!... हास, हास. मीबी हासलीच होती. पन हे घरी आले तं जेवले नाई. म्हने, आता बस. पुढच्या साली दुसरा पाहा कोनी.

म्हनून मॅट. मॅट वाहत नाई म्हनून राहिले भैयाजी... तुया व्हिडिओत काय म्हनते?... पहिले क्रीम... मंग पावडर... थांब, थांब, पहिले काय?... भैयाजी, पाउडर पहले लगाते क्या?... हाँ हाँ, देखती हूँ, रुको ना थोडा... हव, बोल. गेले ते, गल्ल्यावर गिऱ्हाईक आलं.

लावून पाहिलं ना! कोनाले म्हंजे? ह्यायलेच! भैयाजीले म्हनलं, माया डोळ्याले रांजनवाडी झाली, ह्यायच्यावर लावून पाहू द्या... मंग काय सांगू? स्टुलावर बसवलं, एका डोळ्याले विटकरी लावला. दुसऱ्याले लावनार तं दोन बाया आल्या टिकल्या घ्यायले. झालं! उठले आन पळाले... आता? आता समोरच्या टपरीवर चहा पिऊन राहिले, अर्धं तोंड खांबाकडे करून. चहावाला इकडून वाकून पाहते, तिकडून वाकून पाहते... हव, एकच डोळा!... एकच!... अवं नोको हासवू, मायं पोट दुखून राहिलं!

कसा दिसते?... खरं सांगू दिव्या?... लय सुंदर. तो एक डोळा असा मोठा, खोल... आरशात माये डोळे पाहून मले कवा असं वाटलं नाई. सच्ची! मले तं वाटलं, आत्ताच रडतील का काय, आन त्याइच्यासंग मीबी.

मंग अडचन काय म्हंजे?... अडचन बाबा!

यंदा बाबा येऊन राहिले ना मंडईले, मायसंग. सासऱ्यायनं स्वतः फोन करून बोलावलं... नाई, बाबाले कुठं माहीत! मी सांगतलं का हे मंडपाच्या व्यवस्थेत राहतात. खुर्च्या लावतात... मंग काय सांगू? तुमचा जवाई लुगडं नेसून कंबर हालवते?... बाबा म्हंजे बाबा वं. ह्यायले पाहाले आले तवाच म्हनले होते, मानूस कसा रुबाबदार पाहिजे. ते रुबाबदार ह्यायच्या डोक्यात जाऊन बसलं. म्हनतात, तुये बाबा पुढं बसले तं मायाच्यानं पाय उचलनार नाई. नाईच म्हनून राहिले दंडारीले! दंडारीचे मंडळवाले बोलवाले पुढच्या दारानं येतात, हे मागच्या दारानं भाजीच्या बाडीत जातात. सासू म्हनते, वांगे नाई आले यंदा, पोरगा मात्र बाडीतच राहते!

तं मी म्हनलं, असं तयार करू ह्यायले का कोनी हासनारच नाई. बाबाले वाटलं पाहिजे, खरंच कोनाची बाई रडून राहिली. म्हनून हा डब्बा, समजलं?... डब्ब्यानं बाबा बदलनार नाई, हे मलेबी समजते. मंग मी काय करू, तू सांग... बाबाशी बोलू? मी?... तूच बोल ना! तू धाकटी, लाडाची... पाहा, आता तूबी नाईच म्हनून राहिली!

नाई वं, मले लाज नाई वाटत ह्यायची. उलट ते नाचतात ना, तवा असं वाटते का उठून साऱ्या मंडईले सांगावं, हा माया नवरा आहे. फक्त बाबा हासले तं... दुसरा कोनी हासला तं हासो, बाबा हासले तं मले नाई सहन होनार. आन हे तं मंग कवाच घुंगरू बां...

थांब. हा खोकला कोनाचा?

म्हशीचा? म्हैस असं खोकलते का?... दिव्या... दिव्या, फोन स्पीकरवर आहे का?... कवापासून?... पहिल्यापासून?!... अवं माये माय! कायले ठेवला?... हात पिठात आहेत म्हनून?! मंग हात धुवाचे ना! नाई तं सांगाचं तरी मले!... बकरीपासून सारं आयकलं त्याइनं?...

नाई, देऊ नोको! बाबाले देऊ नोको फोन! सांग का रेंज गेली... सांग का ऑटोत बसली मी... हॅलो?

...नमस्कार बाबा.

हव... गोंदियातच आहो... हव, जेवून निघाली... नाई, म्हंजे... हव बाबा, खोटं बोलली मी. खुर्च्या नाई लावत हे. कवाच नाई लावल्या.

बाबा, रागवाचं तं मले रागवा, त्याइले नोका बोलू...

काय?... उंची? उंची तं तुम्ही पाहिली ना लग्नात, जास्त नाई... आवाज? काढतात ना बाईचा आवाज! गातातबी... मायासमोर नाई गात, पन न्हानीघरात रोज... बाबा, तुम्ही हे काऊन विचारून राहिले?

...अं?... दुर्गेश गेला? कुठं?... पुन्याले, कंपनीत?... मंग आपल्या कोहमाऱ्याच्या दंडारीत बाईचं काम कोन करते?... कोन?!... नंदलालकाका?! अवो बाबा! त्याइचं पोट!... आन मिशी?... मिशी नाई काढत म्हनतात? मिशी ठेवून बाईचं काम?... दिव्या, गप बस, मले आयकू येऊन राहिलं तुयं हासणं!... हव बाबा, बोला... हव, यंदा तुम्हीच मंडळाचे अध्यक्ष, लोकं तुम्हालेच बोलनार... झोप नाई लागून राहिली? एवढं झालं आन मले एक फोन नाई केला?

मंग विचारा ना त्याइले! आपली मंडई आमच्यानंतर आहे, जमंल सारं... कायले नाई विचारत?... जवाई म्हनून?... हव, ते तं आहे. घरी आले का तुम्ही पाय धुता त्याइचे, पाटावर बसवता, आन त्याच मानसाले नाच म्हनून कसं म्हनावं... हव... समजलं मले...

नाई, बाबा, आता मायं आयका. पाय धुवा ना! कोन नाई म्हनते? चांगले धुवा, टॉवेलानं पुसा, आन मंग त्याच पायात घुंगरू बांधा!

...बाबा?... हासून राहिले का?... हासा हो, हासा! मले वाटलं होतं तुम्ही... काही नाई. काही नाई, डोळ्यात गेलं काहीतरी. मॅट आहे ना, वाहत नाई म्हने... बाबा, मले लय बरं वाटलं. किती बरं वाटलं ते सांगताच नाई येत मले.

थांबा, ठेवू नोका. तुम्हीच बोला त्याइच्याशी... अजी! अजी, आयकता का! इकडं या!... तसेच या!... पाहू द्या लोकाइले!... येऊन राहिले बाबा, रस्ता ओलांडून राहिले, ऑटोवाला थांबून पाहून राहिला... हव... अजी, घ्या. बाबा आहेत... माये बाबा, मंग कोनाचे! सारं माहीत झालं त्याइले... पळता कुठं? घ्या ना! खाऊन नाई टाकत ते फोनमधून!

हॅलो?... रामराम मामाजी. मी गजेंद्र... हव... हव... नाई नाई, विनंती कायची, तुम्ही मोठे... हव, गातो थोडंफार... रडाचा सीन? करतो ना मामाजी, तोच तं माया सगळ्यात... नंदलालकाका रागावनार नाई ना?... सुटलो म्हनतील? बरं, बरं...

लुगडं? मायाजवळ आहे, मंडळाचं... मामीजीचं?... लग्नातलं?... नाई मामाजी, ते पेटीतून नोका काढू. रंग-बिंग लागला तं मी मामीजीले काय तोंड... मामीजी स्वतः म्हनून राहिल्या?... स्वतः नेसवून देतील?

...हव. आहो मी, आहो... बोला... येतो मामाजी. तुम्हीबी या पहिले आमच्या कामठ्याले... नाई, मागं कायले, पुढंच बसा. अगदी पुढं... एक मिनिट हं मामाजी, दुकानवाले काही विचारून राहिले... हाँ भैयाजी, वही, मॅट वाला. पैक कर दो... नहीं, इसके लिए नहीं.

मेरे लिए.