ओसरीवरून ऐकलेला अभ्यास

(सेलूची एक शाळा, मधली सुट्टी. दहावीच्या वर्गात वर्गशिक्षिका भावना मॅडम, पालक ओमप्रकाश आणि त्यांची मुलगी काजल.)

ओमप्रकाश : ते काई नाई मॅडम, पोट्टीनं कॉपीच केली. सहामाहीत चाळीसपैकी गणितात अडतीस अन् इतिहासात अकरा? हे उलटं झालं ना!

भावना मॅडम : मुलीला चांगले मार्क पडले म्हणून भांडायला आलेले तुम्ही माझ्या नोकरीतले पहिलेच.

ओमप्रकाश : म्या ओसरीवर बसून रोज ऐकतो ना! पहाटेपासून इतिहास चालू राह्यते, खणखणीत. तो ऐकूनच हिच्या दाराशी चहा नेऊन ठेवतो. शेजारचे लक्ष्मणराव म्हणते, पोरगी असावी तर अशी. गणिताचा मातर एक शब्द कानावर नाई आला.

भावना मॅडम : गणित ऐकू कसं येणार?

ओमप्रकाश : अभ्यास असन तर आवाज यीनच! अन् गणित आमच्या खानदानात कोणालेच नाई. माह्या बापाले नाई, मले नाई. हिले कोठून आलं? अन् म्हणे सायन्स घेतो! दहावी झाली का शाळा बंद.

काजल : बाबा, मी कॉपी नाई केली.

भावना मॅडम : खानदानाची परीक्षा इथंच घेऊ. काजल, फळ्यावरचं हे उदाहरण सोडव.

ओमप्रकाश : पाहा, चूप बसली! येत असतं तर बोलली नसती काय?

भावना मॅडम : ती सोडवतेय. तुम्ही तोवर खानदान सांभाळा.

काजल : झालं, मॅडम.

भावना मॅडम : बरोबर.

ओमप्रकाश : बरोबर? मंग इतिहास काऊन बुडाला? रोज तर...

काजल : इतिहास फोन वाचते, बाबा. माह्या आवाजात एकदा रेकॉर्ड करून ठेवला. मी चूप बसली का तुम्ही ओरडता, ‘झोपली काय?’ म्हणून फोन वाचते अन् मी गणित करतो.

ओमप्रकाश : म्हंजे पोळ्यापासून म्या फोनले चहा नेऊन देऊन राह्यलो?

भावना मॅडम : अकरा मार्क पाडले त्यानं. चहा वाया नाही गेला.

ओमप्रकाश : हसू नका मॅडम. घरातला आवाज बंद झाला तर लक्ष्मणराव काय म्हणतीन?

भावना मॅडम : सायन्स काजलला घ्यायचंय की लक्ष्मणरावांना?

काजल : घेऊ द्या ना, बाबा. इतिहासही करतो मी. पण मनातल्या मनात.

ओमप्रकाश : ...घेजो. तू चूप बसून कर, काय करायचं ते. मोठ्यानं म्या वाचतो. पुस्तक तेवढं ओसरीवर ठेवजो.