पेटीवरचं नाव

शमुवेल : तीनच आले, मावशी! गेल्या गुरुवारी मंडळाला तीन पोरं. त्यातला एक मी, दुसरा माझा मावसभाऊ, आणि तिसरा बहुतेक वाट चुकून आला होता.

सरूबाई : मग वाट चुकून आलेल्याला चहा दिलास का?

शमुवेल : आधी वचन पाठ करायला दिलं. चहा नंतर होता. तो नंतरपर्यंत थांबलाच नाही.

सरूबाई : अरे देवा!

शमुवेल : हसू नका हो. नाताळपर्यंत कॉलेजातल्या पोरांचं ख्रिस्ती मंडळ उभं राहिलं पाहिजे, असं पाळकसाहेबांनी बजावलंय मला. वसतिगृहाच्या जिन्यात मोठी पाटी लावली. ‘सर्वांचे स्वागत आहे.’ एवढं वळणदार अक्षर मी परीक्षेत काढलं नाही.

सरूबाई : पण पाटीला विचारता येतं का रे, जेवलास का म्हणून?

शमुवेल : आणि तुम्ही? तुम्ही पहाटे इथं, वसतिगृहाच्या भिंतीअलीकडे बसून तिथल्या तीस पोरांची नावं घेता. त्यांना पत्तासुद्धा नसतो.

सरूबाई : त्यांच्यासाठी घेते, त्यांना ऐकू जावीत म्हणून नाही. पाण्याचा घोट घ्यायच्या आधी सगळी नावं देवाच्या कानावर घालायची, असा नेम आहे माझा. मनात घेतली की एखादं निसटतं, म्हणून तोंडानं घेते.

शमुवेल : बरं, आजचा नेम झालाय ना? मग चहा घ्या की. निवतोय.

सरूबाई : तू जरा बोलायचा थांबलास की घेते.

शमुवेल : मावशी... फाटकात बघा. डोक्यावर पेटी घेऊन कोण उभाय? अरे, हाच तो! गुरुवारचा तिसरा!

रामकिसन : पाणी मिळंल का, बाई? टांगा नाय भेटला. सोयगावच्या मोटारीला अजून टाईम हाय.

सरूबाई : ये ये, आत ये. लिंबाखाली बस. शमुवेल, पेटीला हात लाव आधी.

शमुवेल : या खुदा! काय मियाँ, वेरूळची लेणी भरून नेतोस का गावाला?

रामकिसन : पुस्तकं हायेत. परत द्यायची राहिली तर लोक नावं ठेवतेत, म्हणून... नाय, ही माझीच हायेत. उगं बोलतोय मी. झोप नाय झाली.

सरूबाई : हा घे तांब्या. सावकाश पी. अगं बाई, ही पेटी तर ओळखते मी! पांढऱ्या रंगातली ही अक्षरं. बद्रीनाथ! सोयगावचा बद्रीनाथ ना रे तू?

(रामकिसनच्या हातून तांब्या सुटतो. पाणी लिंबाच्या मुळाशी पसरतं आणि हळूहळू मुरून जातं.)

रामकिसन : तो आवाज... तो तुमचा हाय?

सरूबाई : कुठला आवाज, लेकरा?

रामकिसन : पहाटंचा. झोप निम्मी असती, निम्मी नसती. भिंतीपल्याडून कुणीतरी म्हणतं, ‘बद्रीनाथ, सोयगावचा.’ लई मायेनं म्हणतं. मग मला आमचं वावर दिसतं. कापूस फुटल्याला असतो, जिथवर नजर जाईल तिथवर पांढरं. त्यातून दादा चालत येतो. एक बोंड हालत नाय त्याच्या चालण्यानं. खाटंपाशी येतो, पेटीकडं बघत उभा राहातो.

शमुवेल : दादा कोण?

रामकिसन : बद्रीनाथ. थोरला भाऊ माझा. मी रामकिसन. ही पेटी त्याची. कॉलेजात जायचा होता म्हणून नानांनी हौसेनं नाव रंगवून आणलं होतं. त्याच साली रझाकारांची धामधूम झाली. आमी रातोरात सरहद्द ओलांडून मामाकडं गेलो. तिथं तो तापानं गेला. पुढं पोलीस ॲक्शन झाली, समदे घरी परतलो. पेटी माळ्यावर तशीच होती. पाच सालं. औंदा नानांनी खाली काढली, म्हणले, आता तू जा.

सरूबाई : आणि मी... जूनमध्ये टांग्यांतून पेट्या उतरत होत्या, तेव्हा फाटकात उभी राहून नावं वाचली मी. पेटीवरचं तेच पोराचं, असं धरून चालले. चार महिने, बाळा. तुला वगळून बसले मी.

रामकिसन : मला वाटायचं, त्याच्या जागेवर मी बसलोय, म्हणून कुणीतरी त्यालाच हाका मारतंय. त्याला पेटी पायजे. म्हणून निघालो. नानांना सांगणार, हे शिक्षण माझं नव्हं.

शमुवेल : म्हणजे कायमचा चाललास?

रामकिसन : थांबून तरी काय? वर्गात मास्तर नंबर पुकारतेत. पोरं ‘ए सोयगाव’ म्हणतेत. इथं आल्यापासून मला माझ्या नावानं कुणी बोलावलं नाय.

शमुवेल : गुरुवारी मीही नाही विचारलं.

रामकिसन : वाट चुकून नव्हतो आलो मी. मंडळ भिंतीच्या ह्याच अंगाला भरतं, म्हणून तो आवाज कुणाचा, ते बघाया आलो होतो. तुमी कागुद हातात दिला.

शमुवेल : माफ कर, यार.

सरूबाई : माफी मी मागायची. देवापुढं तुझं नाव चुकवलं मी.

रामकिसन : नका म्हणू तसं. आमच्या घरात दादाचं नाव कुणी काढत नाय. आई रडती म्हणून. पाच सालांत त्याला नावानं हाक मारणाऱ्या तुमीच. पर बाई... आमी तुमच्यातले नाय. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा हाय.

सरूबाई : पेटीवर देव्हारा कुठं रंगवलेला असतो? मी नाव वाचलं, घेतलं. एवढंच.

शमुवेल : मोटारीची वेळ होत आली, रामकिसन. पेटीची एक कडी मी धरतो. अड्ड्यावर न्यायची की वसतिगृहात, ते तू सांग.

रामकिसन : गुरुवारी ते पाठ करावंच लागतं का?

शमुवेल : नक्को! बिलकुल नक्को! आधी चहा. नंतरही चहाच.

रामकिसन : मावशी, पहाटं दादाचं नाव काढून टाकताल का आता?

सरूबाई : नाही रे. ते राहू दे. त्याच्या शेजारी तुझं घेईन.

रामकिसन : मग... पेटी वसतिगृहाकडं घ्या.

शमुवेल : धर तिकडून. मावशी, आता तरी घ्या तो चहा, पार गार झाला.

सरूबाई : राहू दे तसाच. आजचा नेम अजून पुरा झाला नाही. तुझ्या तोंडून एकदा नीट सांग, लेकरा.

रामकिसन : रामकिसन. सोयगावचा.