साखर कुणाकडची?

...न्हाई, तुम्हीच सांगा, साखरपुड्यात साखरच न्हाई, असं कुठं झालंय का? आमच्या साधनाच्या साखरपुड्यात झालं ना! अंबडची मंडळी आल्ती, साडी, नारळ, हार, चांदीच्या कागदाचा हाऽऽ एवढा मोठा पुडा... अन् पुड्यात हवा! का? तर व्याही म्हणाले, "घनसावंगीत ऊसवाल्याच्या घरी साखर न्यायची, म्हंजी गोदावरीला पाणी घेऊन जायचं!"

बराबर हाय हो. पण माझी थोरली बहीण, कौसल्याअक्का! पदर खोचून उभी. "आमच्याच पोरीच्या हातात आमचीच साखर? न्हाई चालायची! साखर वराकडचीच पाहिजे!" व्याह्यांचा पारा चढला. "मंग चाललो आम्ही!" गाडीची चावीच काढली! साधना आतल्या दारात, तोंड एवढंसं झालेलं... अन् तेवढ्यात आमचे अजमतभाई बोलले!

तुम्हाला सांगतो, ह्या माणसाला तोंड उघडू द्यायचं न्हाई! शेजारी हाय, उर्दूचा मास्तर होता, लई दिलदार, पण एखाद्या शब्दाच्या मागं लागला की त्याचं सारं खानदान काढल्याबिगर सोडत न्हाई.

"व्याहीसाहेब, जरूर जा... मगर ही साखर आली कुठून, मालूम है?"

अहो, पोरीचं लगीन मोडून राह्यलंय अन् हा साखरेची कुंडली मांडून राह्यला! म्हणे, संस्कृतात शर्करा, म्हंजी बारीक खडी, दाणे तसेच दिसतात ना! मंग इराणात गेली, शकर झाली, अरबांनी सुक्कर म्हटलं, तिथून फिरंग्यांच्या मुलखात, अन् इंग्रजाच्या कपात पडली तवा शुगर झाली... मी खुणावून राह्यलो, "बस करा, भाई!" पण खरं सांगू? मीच ऐकत बसलो! काय बोलतो हो माणूस! अरब म्हटला की अरब दिसतो, त्याचा उंट दिसतो, उंटावरची गोण दिसती! व्याही चावी घेऊन खाली कधी बसले, त्यांचं त्यांनाच कळलं न्हाई.

अन् शेवटाला हळूच म्हणतो कसा, "इतके मुलूख फिरली बिचारी. नाव थोडं थोडं बदललं, गोडी न्हाई बदलली. पण एका तरी दारात तिला कुणी इचारलं का, बाई, तू वराकडची का वधूकडची?"

मंग अक्काच डोळे पुसत आत गेली अन् साखरेचा डबाच घेऊन आली. पुडा त्यांचा, साखर आमची... झाला साखरपुडा!

म्हणून म्हणतो, तोंड उघडू द्यायचं न्हाई! आता व्याही गावात येतात, माझ्या दारावरून पुढं जातात अन् अजमतभाईच्या ओट्यावर बसतात. परवा म्हटलं, लग्नाची तारीख काढू. तर म्हणाले, "आधी अजमतभाईंना इचारा, त्यांना सवड कधी!"

गेलो इचारायला. म्हटलं, भाई, तारीख सांगा.

"बैठो, बैठो!" म्हणाले. "पहिले हे बघू, तारीख हा लफ्ज आला कुठून..."

बसलो. काय करता?