गाडीच्या पोटात

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी खाणावळवाल्या बाई बसल्या होत्या. मेकॅनिक हात पुसत आला.

"ताई, इंजिन ऑइल वापरून कमी होतं. तुमचं चक्क वाढलंय! टाकीत काय भरता?"

"बायोडिझेल. शंभर टक्के. आमच्याच तळून उरलेल्या तेलाचं बनवून घेते."

"तेच झिरपतंय ऑइलमध्ये. नव्या गाड्यांना नाही मानवत ते."

"मग ऑइल लवकर लवकर बदलू."

"त्यापेक्षा साधं डिझेल भरा ना!"

"आणि ते तेल? दिसलं की आमचे दीर परत कढईत ओततात. टाकीत गेलं की त्यांचा हात पोहोचत नाही."

"अहो, इंजिन बसेल एक दिवस."

"बसू दे. इंजिन बदलून मिळतं, दादा. गिऱ्हाइकाचं आतडं कुठल्या गॅरेजात बदलून मिळतं? चला, ऑइल बदलायला घ्या."