कपितानचं खाणं

लुदी : मरायलाच दिला होता हा ससा त्यांनी, डॉक. आणि मी हे कुणासमोरही बोलीन. पांढऱ्या सरकारी गाडीतून आले, गळ्यात ओळखपत्रं, हातात माईक. ताप आला म्हणून आमची डुकरं खड्ड्यात लोटणारे तेच आणि वर ससे वाटणारेही तेच. त्यांना जाब विचारणारं कुणी आहे का या तारलाक प्रांतात?

डॉक्टर : नानांग लुदी, आवाज जरा खाली घ्या. तो घाबरतोय. मला पोट चाचपू द्या त्याचं.

लुदी : चाचपा. कालपासून नुसता बसतो आणि दात खातो. बसतो, जोर करतो, काही येत नाही. आलं तर एवढंसं, पांढरं, टूथपेस्ट पिळावी तसं. खडा आहे ना?

डॉक्टर : खडा नाही, गाळ आहे. हा एक्स-रे बघा. मूत्राशय असं पांढरंशुभ्र दिसायला नको. ओला चुना ठासून भरलाय म्हणा ना.

लुदी : चुना? पान खायची सवय माझ्या सासूला होती, याला नाही.

डॉक्टर : खाण्यातूनच जातो. आपल्या पोटात कॅल्शियम जास्त गेलं तर अंग हवं तेवढंच घेतं. ससा सगळंच घेतो आणि उरलेलं लघवीतून टाकतो. लघवी पातळ असली की वाहून जातं. घट्ट झाली की खाली साका बसतो. पाणी किती पितो हा?

लुदी : पाणी नाही देत.

डॉक्टर : कमी देता?

लुदी : देतच नाही. सशाला पाणी लागलं की हगवण लागून मरतो. मी नाही म्हणत, माईकवाला म्हणाला, सगळ्या गावासमोर. पाल्यातली ओल पुरते म्हणाला. का, पुरत नाही?

डॉक्टर : नाही, नानांग.

लुदी : चार वर्षं, डॉक! या उकाड्यात! मी त्याच्यासमोर बसून बर्फ चघळायची.

डॉक्टर : त्यांनी सांगितलं ते मांसाच्या सशाचं असेल. तीन महिन्यांत कापायचा. तेवढ्यात गाळ साचायला वेळच नसतो. खाद्य कुठलं देता?

लुदी : हिरव्या गोळ्या. पुढच्या दुकानातल्या, तुमच्याच.

डॉक्टर : दुकान माझं नाही. मी मागची खोली भाड्यानं घेतलीय.

लुदी : दुकान तुमचं नाही. ससे वाटले ते आता म्हणतील, ससे आमचे नाहीत. डुकरांचा ताप तर कुणाचाच नव्हता, वाऱ्यावर आला होता. सगळे हात धुतलेले, डॉक. घाण तेवढी आमच्या दारात.

डॉक्टर : त्या गोळ्या वजन वाढवायच्या. पटकन हाडं, पटकन मांस. जो जगायचाय त्याला त्या मूठभरसुद्धा जास्त होतात.

लुदी : मग जगायच्या सशाचं पोतं कुठलं?

डॉक्टर : इथं कुणी ठेवत नाही. घेणारं नाही ना.

लुदी : ऐका! मरणाऱ्याचं खाणं पोत्यानं आणि जगणाऱ्याचं औषधालाही नाही.

डॉक्टर : मी कुत्री बघते, कोंबड्या बघते. चार वर्षांचा ससा माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आलाय. खरं सांगते.

लुदी : तो तरी कसा जगला म्हणता? तीन ससे मिळाले. दोन खाल्ले आम्ही, खोटं कशाला बोलू. याचे तीन महिने भरले तेव्हा मी सुरीला धार लावली, कांदा चिरला, सोया सॉसची बाटली काढली. तर नवरा माझा, सेब्यो, म्हणाला, आज नको. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आज नको. मी म्हटलं, कांदा वाळला रे, मेल्या! तेव्हा म्हणाला, याचं नाव कपितान ठेवलंय. म्हटलं, का? तर म्हणे, गावच्या कारभारी कपितानसारखा आहे. खातो, बसतो आणि कुणाचं काम करत नाही.

डॉक्टर : तातांग गमतीशीर आहेत.

लुदी : होता. मग नव्हता. डुकरं गेली त्या दिवसापासून एक शब्द बोलला नव्हता तो माझ्याशी. खुर्चीत बसून रिकाम्या गोठ्याकडं बघायचा. डुकरं जिवंत लोटली हो, डॉक. त्यांचं किंचाळणं त्याच्या कानातून जाईना. तो "आज नको" म्हणाला ना, तो त्याचा पहिला शब्द. म्हणून सुरी ठेवून दिली मी. म्हणून म्हणते, याला वाचवा. सशासाठी नाही म्हणत मी.

डॉक्टर : बेशुद्ध करून, नळी घालून गाळ धुऊन काढावा लागेल. पण अंगात त्राण नाही त्याच्या. दहांतला एखादा उठतो. मनिलाला न्यायचं म्हटलं तर वाटेतच…

लुदी : कळलं.

डॉक्टर : करू?

लुदी : करा. दुसरं काय करणार.

डॉक्टर : एक राहिलंच. पाल्यातली ओल म्हणालात. पाला कसला?

लुदी : शेवग्याचा. घरामागं झाड आहे. सेब्यो रोज सकाळी शिडी लावतो, कोवळे डहाळे खुडतो. बाळंतिणीला शेवगा, तापाला शेवगा, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला शेवगा. आपल्याकडं दुसरं औषध आहे कुठलं? आधी कपितानला, मग आमच्या सूपात… अशा का बघता?

डॉक्टर : रोज?

लुदी : रोज. बोला की.

डॉक्टर : पाल्यांमध्ये शेवग्याइतकं कॅल्शियम फार थोड्यांत असतं. एखादे वेळी चिमूटभर ठीक. रोज टोपलीभर म्हणजे…

लुदी : गोळ्यांपेक्षाही वाईट?

डॉक्टर : कमी तर नाहीच.

लुदी : आई गं.

डॉक्टर : तातांगना काय माहीत? कुणीच सांगितलं नाही त्यांना.

लुदी : आणि तुम्हीही सांगायचं नाही. गोळ्यांचं सांगा, पाण्याचं सांगा, माईकवाल्याला शिव्या घाला, मीही घालते. शेवग्याचं नाव काढू नका. तो परत खुर्चीत जाऊन बसला ना, तर मी त्याला उठवू शकणार नाही.

(दार ढकलून सेब्यो आत येतो. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.)

सेब्यो : झालं का बघून?

डॉक्टर : या, तातांग. आता बेशुद्ध करते त्याला. मूत्राशयात गाळ झालाय. धुऊन काढायचा प्रयत्न करते.

सेब्यो : बरं. उठेल ना?

डॉक्टर : सांगता येत नाही.

सेब्यो : बरं. उठला तर काय घालू?

डॉक्टर : साधं गवत, हवं तेवढं. वाळवलेलंही चालेल. आणि पाणी, पसरट भांड्यात, सारखं समोर. गोळ्या बंद.

सेब्यो : गवत. पाणी. गोळ्या बंद. पाणी द्यायचं का? बरं, देईन. आणि हा पाला आणलाय. तिचाकी घेऊन घरी जाऊन आलो. देठ काढलेत. शुद्धीवर आला की भूक लागेल त्याला.

लुदी : सेब्यो, ठेव ते तिकडं. चल, बाहेर बसू.

सेब्यो : बसतो. डॉक, तुम्ही पाल्याचं नाही बोललात.

लुदी : त्यांना काम करू दे.

सेब्यो : तुला नाही विचारत मी, लुदी. खाली नका बघू, डॉक. माझ्याकडं बघून सांगा. हा पाला तर चालत होता ना त्याला?