साहेबांच्या पायात कुसळ नको

निजामाच्या नोकरीत आशा कशी मरते ते मला विचारा. तेरजवळ मुरूम उपसून उजाड झालेला एक माळ होता. मी नुकताच कॉलेजातून सुटलेलो. गावाच्या हातापाया पडून तिथं गुरं चारणं बंद केलं, गवत पेरलं. दोन पावसाळ्यांत ते गुडघ्याला लागलं. आता वरचे साहेब लाकडी चौकट जमिनीवर ठेवून आत गवतानं किती जमीन झाकली ते बघणार होते. निम्मी झाकलेली निघाली तर माळ कुरणासाठी राखीव, नाहीतर मुरमाची खाण पुन्हा सुरू.

साहेबांना घेऊन पोचलो, तर माळ अंगणासारखा लख्ख! काडीन् काडी खुरप्यानं मुळासकट काढलेली, वर पाण्याचा सडा.

"पाटील, हे काय केलंत?" मी गावच्या पाटलांना विचारलं.

"सायबाचा दौरा न्हाय का? कुसळं लई होती. पायात घुसली असती म्हंजे गावाची अब्रू गेली."

साहेबांनी चौकट टेकवली. आत नुसती माती.

मी ओरडलो, "साहेब, गवत होतं! ते बघा, उपटून टाकलेलं तुमचा घोडाच खातोय!"

"मियाँ, उगवलेलं मोजायचा हुकूम आहे, घोड्यापुढचं नाही," साहेब हळूच म्हणाले. "खाण सुरू होईल." मग पाटलांकडं वळून हसले, "इंतजाम उम्दा!"

ते गेल्यावर पाटलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सायब खूश हाय. आता माळ राखीव झालाच म्हणा!"